लाखांची रील की चाळीस वाचक?

प्रश्न: कोल्हापूरच्या कुस्तीच्या तालमींवर मी सहा वर्षे ब्लॉग लिहितो आहे, नियमित वाचक जेमतेम चाळीस. गेल्या महिन्यात खासबाग मैदानावरची माझी रील लाखो लोकांनी पाहिली, तरी लेखांकडे कोणीही वळले नाही. ब्लॉग बंद करावा काय?

उत्तर १: मुळीच नको. रील कोणापुढे न्यायची हे समाजमाध्यमाची यंत्रणा ठरवते. वाचक मात्र स्वतःहून येतो, शेवटपर्यंत वाचतो आणि एखाद्या वस्तादाचे नाव चुकले असल्यास तेही कळवतो.

उत्तर २: उत्पन्न हवे असेल तर गोष्ट निराळी. यूट्यूबवर लांब चित्रफितींच्या जाहिरातींतील वाट्यासाठी १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तास पाहिले जाणे सहसा आवश्यक असते. चाळिसांत ते कसे जमणार?

प्रश्नकर्ता: गंगावेशीतील एका वृद्ध वाचकांनी कालच तालमीची जुनी छायाचित्रे पाठवली. रीलखाली मात्र शेकडो वेळा एवढेच आहे: ‘नाद खुळा!’