सप्ताहातला 'पार' म्हणजे काय, आणि ज्याला पार नाही त्याला काय म्हणायचं?

भजनी_फोंडा:
मंडळी, शब्द विचारायचाय. आमच्या गोव्यातल्या वाड्यावरच्या देवळात श्रावणात भजनी सप्ताह असतो. नाव सप्ताह, पण भजन चोवीसच तास, दुपारी सुरू ते दुसऱ्या दिवशी दुपारी समाप्ती, आणि आमच्याकडे ह्याचं कुणाला काही वाटत नाही. यंदा स्मरणिका काढतोय आणि मराठी बरं म्हणून लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. तर हे चोवीस तास घराण्यांना आणि वाड्यांना वाटून दिलेले असतात, त्या प्रत्येक वाट्याला 'पार' म्हणतात. आमचो पार सांजवेळचो, तांचो पार मध्यानरातीचो, असं. पुण्याच्या आतेभावाला मजकूर पाठवला तर तो विचारतो, पार म्हणजे पिंपळाचा ना, मग पावसात बाहेर बसून भजन करता काय?

हा झाला अर्धा प्रश्न. बाकीचा अर्धा नाजूक आहे. एक कुटुंब आहे, आजोबांच्या वेळी कामासाठी इथे आलेलं. त्यांचा मुलगा पखवाज वाजवतो, म्हणजे असा वाजवतो की निम्म्या पारांना तोच साथीला असतो, आणि पहाटे तीनला गौळण रेंगाळायला लागली की सगळे त्याच्याकडेच बघतात. पण त्यांना स्वतःचा पार नाही. स्मरणिकेत महाजन, मग मानकरी, मग पारवाले अशा याद्या आहेत आणि ह्या माणसाचं नाव शेवटच्या पानावर 'सहकार्य' खाली, मंडपवाला आणि साऊंडवाल्याच्या मध्ये. त्याच्या बहिणीनं समितीच्या ग्रुपवर लिहिलं की आम्हाला वाळीत टाकलंय. त्यावर सगळे खवळले, वाळीत कुठे टाकलंय, प्रसाद देतो, लग्नाला जातो. मला दोन्ही बाजू ओळखीच्या, म्हणून इथे विचारतो, वाळीत हा शब्द चुकला काय?

वास्कोवाला:
पाराचं सोपं आहे. तो 'प्रहर'. दुपार म्हणजे द्विप्रहर, त्यातला पार तोच हा, झाडाच्या पाराशी काही संबंध नाही. तुमच्या आतेभावाला सांगा रोज दुपार म्हणतोस तेव्हा हाच शब्द तोंडात असतो. अर्थ मात्र सरकत गेलाय. आधी वेळ, मग त्या वेळेचं भजन, मग ते भजन करणारा जमाव. आमच्या वास्कोत दामोदराच्या सप्ताहाला वेगवेगळ्या समाजांचे 'पार येतात', मिरवणुकीनं, चित्ररथ घेऊन, रात्रभर. वेळ कशी काय रस्त्यावरून चालत येणार? पण येते 😀

सदाशिवपेठी:
प्रहराचं पटलं. वाळीतबद्दल लिहितो. जुना प्रयोग 'वाळीत घालणे' असाही आहे. त्याचा वाळूशी किंवा कपडे वाळत घालण्याशी जोडलेला अर्थ लोक गमतीनं सांगतात तो सोडून द्या. वाळीत म्हणजे जातीनं ठरवून व्यवहार तोडणं, रोटी बंद, बेटी बंद, पाणवठा बंद, मर्तिकाला खांदा द्यायला कुणी नाही. जातपंचायतींमुळे महाराष्ट्रात ह्यावर कायदा करावा लागला, सामाजिक बहिष्काराविरुद्धचा, २०१६ चा, लागू झाला २०१७ मध्ये. त्याआधी मुंबई राज्याचा १९४९ चा होता तो सुप्रीम कोर्टानं १९६२ मध्ये रद्द केला, दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंच्या अर्जावर, कारण बहिष्कृत करायचा अधिकार धर्माचा भाग मानला गेला. थोडक्यात शब्दाला वजन आहे. तुमच्या केसमध्ये प्रसाद मिळतो, लग्नाला येतात, तर वाळीत म्हणणं अतिशयोक्ती. 'डावलणे' म्हणा.

सत्तरीची:
दादा, डावलणे सुद्धा बसत नाही हो. डावलायला आधी हक्क असावा लागतो ना, नंबर तुमचा होता आणि दुसऱ्याला दिला तर डावललं. इथे नंबरच नव्हता.

मला वाटतं तुम्ही शब्द चुकीच्या बाजूला शोधताय. आमच्या गोव्यात देवळातून कुणाला बाहेर काढल्याचा शब्द क्वचित ऐकू येतो, कारण काढावंच लागत नाही, आत असलेल्यांचे शब्द इतके पक्के आहेत की बाकीचे आपोआप बाहेर. महाजन घ्या. महाराष्ट्रात महाजन म्हणजे थोर माणूस नाहीतर आडनाव. आमच्याकडे महाजन म्हणजे देवस्थानच्या वहीत नाव असलेला. पोर्तुगीजांनी १९३३ मध्ये देवस्थानांचं नियमन केलं, तेच अजून चालतंय, समितीत अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि मुखत्यार, निवडणूक महाजनांची, वर देखरेखीला मामलेदार. देवी माझी कुळदेवता असली तरी मी कुळावी, कुळावी म्हणजे महाजन नव्हे, आणि बहुतेक ठिकाणी ते बापाकडून मुलग्याकडे चालत आलंय, त्यामुळे माझ्या भावाचं नाव आहे, माझं नाही. मला कुणी वाळीत टाकलंय काय? नाही. ओटी भरायला पहिली मीच असते.

कुंकळ्ळीचा छत्र्यांचा उत्सव, छत्र्यो, बघा. फातर्प्याहून देवी येते तेव्हा बारा छत्र्या, बारा वांगडांच्या, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांच्या. तेराव्याची छत्री कुणी हिसकावून घेतली नाही, ती शिवलीच गेली नाही. मग तेराव्यानं तक्रार कुठल्या क्रियापदानं करायची? म्हणून त्या बायनं हाताला आला तो सगळ्यात जड शब्द उचलला. कोशाप्रमाणे चुकला असेल, पण राग कशाचा ते सगळ्यांना कळलं की नाही?

सदाशिवपेठी:
ताई, छत्रीचं मान्य. पण शब्द सैल वापरला की खरं वाळीत पडलेल्यांचं काय? त्यांच्यासाठी मग वेगळा शब्द आणायचा कुठून?

सत्तरीची:
हे मात्र बरोबर बोललात.

वास्कोवाला:
मध्येच विचारतो, तुमच्यात नवीन पार देतात काय कधी? आमच्याकडे पार वाढत गेलेत असं म्हातारे सांगतात.

भजनी_फोंडा:
बाब, तिथेच तर अडलंय. मी हा प्रश्न मीटिंगमध्ये काढला तर एक काका म्हणाले 'पार दिवपाचो नासता, पार आसता'. म्हणजे द्यायचा नसतो, असतो. चार शब्दांत विषय बंद. पण त्याच काकांच्या घराण्याला मध्यरात्रीचा पार जमत नव्हता म्हणून मागे अर्धा पार शेजारच्या वाड्याला दिलाय, आणि त्याला सगळे अजून 'सांबाळपाक दिला' म्हणतात, सांभाळायला. म्हणजे देता येतो, फक्त क्रियापद बदलावं लागतं!

स्मरणिकेचं म्हणाल तर 'पार' शब्द तसाच ठेवतो, पहिल्यांदा येईल तिथे 'प्रहर, भजनाचा वाटा' एवढं लिहितो. त्याचं नाव 'सहकार्य' मधून काढून प्रत्येक पाराखाली साथीदार म्हणून घालायचं ठरवलं होतं, पखवाज, हार्मोनियम, झांज सगळ्यांचीच नावं. मोजलं तर सगळ्यात जास्त वेळा त्याचंच नाव येतंय, महाजनांच्या अध्यक्षांपेक्षा जास्त. प्रूफ समितीकडे गेलंय. एका काकांचा फोन आला, म्हणतात पानं वाढतायत, साथीदार एकदाच घाल, शेवटी.