प्रति: क्रिएटिनिन नॉर्मल आहे, मग काळजी कशाला?

‘क्रिएटिनिन नॉर्मल आलं की किडनीची काळजी नको’ असं वर डायबेटिसवाल्यांसाठी लिहिलंय, ते काही पटलं नाही. क्रिएटिनिन म्हणजे किडनी रक्तातून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ; रक्तात तो वाढेपर्यंत किडनीचं बरंच बिघडलेलं असतं. त्याच्या आधी लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जायला लागतं. एसीआर तपासणीत (लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी प्रमाण) आकडा पुन्हा पुन्हा ३० मिग्रॅ/ग्रॅमच्या वर येत असेल तर ती किडनी बिघडायला लागल्याची खूण. टाइप २ डायबेटिसवाल्यांनी ही तपासणी निदान झाल्यापासून दरवर्षी करायची असते.

आणि एक गोष्ट इथं कुणीच बोललं नाही. आमच्या आबांची साखर आपोआप उतरायला लागली. तेच इन्सुलिन, तेवढंच जेवण, तरी सकाळी ७०. रंकाळ्याच्या फेऱ्या लागू पडल्या म्हणून आम्ही खूश. आबांनी तर त्या खुशीत रविवारी पांढऱ्या रश्श्याची एक वाटी वाढवून घेतली! एकदा घाम फुटून पडले तेव्हा कळलं, साखर सुधारली नव्हती, किडनी थकली होती. इन्सुलिनचा निचरा किडनीही करते; ती मंदावली की तेवढंच इन्सुलिन जास्त वेळ अंगात रेंगाळतं. गुडघेदुखीच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून खात होते, त्यांचा किडनीवर ताण आणि वेगळाच.