‘आयलेट’ला मराठीत काय म्हणावं? आणि ‘कमी आलं’ म्हणजे बरं झालं का?

प्रश्न

माझ्या धाकट्या भावाला टाइप १ मधुमेह आहे. आयलेट ट्रान्सप्लांटचा, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींच्या प्रत्यारोपणाचा, विचार करता येईल का, हे बघायला डॉक्टरांनी तपासण्यांची लांबलचक यादी दिली आहे. आईला इंग्रजी येत नाही आणि तिला सगळं नीट समजून घ्यायचं असतं, म्हणून ती यादी मी मराठीत लिहून काढते आहे. पहिल्याच शब्दाला अडले. आयलेट म्हणजे द्वीपिका, द्वीपक, बेट की आणखी काही?

दुसरं म्हणजे सी-पेप्टाइडचा रिपोर्ट ‘०.१ पेक्षा कमी’ असा आला. आई लगेच म्हणाली, “कमी आलं ना? मग बरंच झालं.” इतकी वर्षं घरात साखर कमी आली की बरं, हेच चालत आलंय. तिला काय सांगावं ते मला सुचेना.

प्रतिसाद १

ताई, बेट हा शब्द सोडून देऊ नका. १८६९ मध्ये बर्लिनला पाउल लँगरहान्स हा विद्यार्थी स्वादुपिंड सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. त्याला इतरांहून वेगळे दिसणारे पेशींचे छोटे पुंजके दिसले. त्यांचं काम काय, हे त्याला सांगता आलं नाही. १८९३ मध्ये लागेस या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्या पुंजक्यांना ‘लँगरहान्सची बेटं’ म्हटलं. लॅटिनमध्ये बेटाला इन्सुला म्हणतात आणि इन्सुलिन हे नाव त्यातूनच आलंय. म्हणजे तुमच्या घरात हा शब्द रोज बोलला जातोच आहे.

पण आईसाठी मी ‘पेशीपुंज’ लिहीन आणि पुढे एकदाच ‘म्हणजे स्वादुपिंडातली बेटं’ असं जोडीन. कारण ‘आयलेट सेल’ म्हटलं की लोकांना ती एकच पेशी वाटते. प्रत्यक्षात एका पुंजात इन्सुलिन करणाऱ्या बीटा पेशी असतात, साखर वाढवणारं ग्लुकॅगॉन करणाऱ्या अल्फा पेशी असतात, इतरही असतात. स्वादुपिंडात असे साधारण दहा लाख पुंज, पण सगळे मिळून वजन जेमतेम १ ते २ टक्के.

प्रत्यारोपण शब्दात रोप आहे, ते इथे शब्दशः खरं आहे. दात्याच्या स्वादुपिंडातून पुंज सोडवून घेतात आणि यकृतात जाणाऱ्या मोठ्या शिरेतून आत सोडतात. स्वादुपिंडातलं रोप यकृतात रुजतं. आईला हे नक्की सांगा, नाहीतर ती पोटावरच्या मोठ्या ऑपरेशनचं चित्र मनात धरून बसेल.

प्रतिसाद २

सी-पेप्टाइडबद्दल लिहितो. माझ्या मते यादीतला सगळ्यात महत्त्वाचा शब्द हाच आहे आणि गैरसमजही याच्याचभोवती जास्त.

सी म्हणजे कनेक्टिंग, जोडणारा. बीटा पेशी आधी प्रोइन्सुलिन नावाची एक सलग साखळी बनवते. मग मधला जोडतुकडा कापला जातो आणि उरतं ते इन्सुलिन. दोन्ही एकास एक या प्रमाणात रक्तात येतात. इंजेक्शनच्या इन्सुलिनमध्ये हा तुकडा नसतो. म्हणून मी याला ‘स्वतःच्या इन्सुलिनची पावती’ म्हणतो. भाऊ रोज इन्सुलिन टोचून घेतो, त्याची पावती फाटत नाही; शरीराने बनवलेल्याचीच फाटते. ‘०.१ पेक्षा कमी’ म्हणजे पावतीपुस्तक कोरं.

तेव्हा इथलं ‘कमी’ साखरेच्या ‘कमी’सारखं नाही. त्याला चांगलंही म्हणू नका, वाईटही म्हणू नका. बीटा पेशी जवळजवळ उरलेल्या नाहीत, एवढंच ते सांगतं, आणि या उपचारासाठी डॉक्टरांना नेमकं तेच तपासायचं असतं. रोपणानंतर हीच तपासणी पुन्हा होते आणि तेव्हा आकडा वर गेला की पुंज रुजल्याचं कळतं.

एक जपायची गोष्ट: हा तुकडा बऱ्याच प्रमाणात मूत्रपिंडातून बाहेर पडतो. मूत्रपिंड थकलेलं असेल तर आकडा आहे त्यापेक्षा मोठा दिसतो.

प्रतिसाद ३

मी प्रयोगशाळेत काम करते. ‘पॉझिटिव्ह’ आणि ‘निगेटिव्ह’ तसेच लिहिलेत तर आई प्रत्येक निगेटिव्हला हुश्श म्हणेल, म्हणून लिहिते.

यादीत अँटिबॉडी, म्हणजे शरीराने एखाद्या गोष्टीविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडं, तीन वेगवेगळ्या कामांसाठी येतात. जीएडी, आयए-२ आणि झिंक ट्रान्सपोर्टर ८ या बीटा पेशींतल्या प्रथिनांविरुद्धच्या अँटिबॉडी स्वतःच्याच बीटा पेशींवर उठलेल्या असतात. त्यांना ‘स्वप्रतिपिंडं’ म्हणा. एचएलए म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा; त्यांच्याविरुद्धच्या अँटिबॉडी परक्या ऊतींवर उठतात. गर्भारपण, रक्त चढवणं किंवा आधीचं प्रत्यारोपण यांमुळे त्या तयार होऊ शकतात आणि जितक्या जास्त, तितकं जुळणारा दाता मिळणं अवघड. तिसऱ्या एपस्टीन-बार आणि सायटोमेगॅलो या विषाणूंच्या. तिथे पॉझिटिव्ह म्हणजे पूर्वी कधीतरी गाठ पडून गेली. एपस्टीन-बार निगेटिव्ह आला तर डॉक्टरांना उलट जास्त काळजी वाटते, कारण दात्याकडून तो विषाणू पहिल्यांदाच, आणि तोही औषधांनी प्रतिकार दाबलेला असताना, शरीरात येऊ शकतो.

त्यामुळे ‘आहे’ किंवा ‘नाही’ लिहा आणि प्रत्येकापुढे काय आहे, काय नाही, ते लिहा.

प्रतिसाद ४ (प्रश्नकर्तीचा)

पावती हा शब्द आईला लगेच पटला. आता ‘हायपोग्लायसेमिया अनअवेअरनेस’. कोशातून ‘अल्परक्तशर्करा अनभिज्ञता’ असं काहीतरी तयार होतंय. पण आमच्या घरी काय होतं ते सांगते. भाऊ समोर बसून बोलत होता, हसत होता. सहज मीटर लावला तर ४८. घाम नाही, थरथर नाही. त्याला काहीच जाणवलं नव्हतं.

प्रतिसाद ५

मग तेच लिहा: ‘साखर उतरल्याचं न कळणं’. ५४ च्या खाली गेलेली साखर गंभीर धरतात आणि त्याला ४८ ला काही कळलं नाही. हा उपचार सुचवण्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं. जून २०२३ मध्ये अमेरिकेत अशा पेशींच्या उपचाराला पहिल्यांदा मान्यता मिळाली, तीही टाइप १ च्या ज्या प्रौढांची साखर वारंवार गंभीर उतरते आणि त्यामुळे आटोक्यात ठेवता येत नाही, त्यांच्यासाठीच. एचबीए१सीला आपण ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणतो, तो शब्द उत्तम आहे, पण ती सरासरी असते. ४८ आणि ३०० एकाच सरासरीत लपतात.

आणखी दोन शब्द जपून वापरा. परके पुंज टिकावेत म्हणून रोपणानंतर घ्यायच्या इम्युनोसप्रेसंटला लोक ‘प्रतिकारशक्तीची औषधं’ म्हणतात. आईला ते टॉनिक वाटेल. ‘प्रतिकारशक्ती दाबणारी’ असंच लिहा. त्यातलं टॅक्रोलिमस मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतं, म्हणून आधी जीएफआर, म्हणजे मूत्रपिंड किती गाळतं, ते बघतात.

दुसरा शब्द ‘बरा होणं’. २००० मध्ये कॅनडातल्या एडमंटनच्या पथकाने सात रुग्णांचे निकाल प्रसिद्ध केले. सातही जणांचं इन्सुलिन सुटलं होतं. पण त्याच केंद्राने २००५ मध्ये मोठ्या गटाची पाच वर्षांची माहिती दिली, तेव्हा इन्सुलिनशिवाय राहिलेले साधारण दहा टक्केच होते. पावती मात्र जवळपास ऐंशी टक्क्यांची चालू होती. ‘इन्सुलिन सुटणं’ आणि ‘पेशी काम करत राहणं’ हे दोन वेगळे शब्द ठेवा. थोडं इन्सुलिन चालू राहिलं तरी साखर धोकादायक उतरणं थांबू शकतं, आणि तुमच्या घराला त्याचीच गरज आहे.

प्रतिसाद ६ (प्रश्नकर्तीचा)

मनापासून आभार. ‘रिजेक्शन’ तेवढं राहिलं. ‘शरीराने नाकारणं’ लिहिलं होतं, तर आई म्हणाली, “त्याचं शरीर कशाला नाकारेल?” जणू दोष त्याचाच.

प्रतिसाद ७

‘परकं म्हणून ओळखलं जाणं’ असं लिहून बघा. शरीराची पहारा देणारी यंत्रणा तिचं कामच करत असते, तेव्हा दोष कुणावर येत नाही. आणि औषधं रोज, वेळेवर का घ्यायची, हेही त्याच ओळीत समजतं.