शॉप ऑड्सची शीट: लेव्हल ४ ला ३-कॉस्ट ७५ टक्के दाखवतेय, कुठे चुकतंय?

वाघोटण_खाडी
टीएफटीसाठी (टीमफाइट टॅक्टिक्स, आठ जणांचा गेम, ज्यात शॉपमधून गोल्ड देऊन चॅम्पियन घ्यायचे) गूगल शीटमध्ये छोटं टूल करतोय. लेव्हल आणि कॉस्ट (चॅम्पियनची गोल्डमधली किंमत) निवडली की तो शॉपमध्ये येण्याची शक्यता, म्हणजे ऑड्स, दिसली पाहिजे. आमच्या देवगड-विजयदुर्ग पट्ट्यात पावसात रेंज एका दांडीवर येते. गेम कसाबसा चालतो, पण जाहिरातींनी भरलेली साइट दोन लढायांमधल्या प्लॅनिंगच्या वेळात उघडतच नाही. म्हणून फोनवर ऑफलाइन चालणारं हवंय.

तक्ता असा भरलाय (१-कॉस्ट, २-कॉस्ट अशा क्रमाने टक्के): लेव्हल ३ ला ७५/२५, ४ ला ५५/३०/१५, ५ ला ४५/३३/२०/२, असं ९ पर्यंत. शॉपमध्ये ५ जागा, म्हणून उत्तराला ५ ने गुणलं. लेव्हल ४ ला मला हवा तो ३-कॉस्ट ७५ टक्के येतोय, हे काही खरं वाटत नाही. शिवाय तक्त्यात नसलेली लेव्हल १० टाकली तरी एरर न येता ९ चंच उत्तर येतं.

मिरकरवाडा_मिड
गुणाकार दोन ठिकाणी फसलाय. १५ टक्के ही त्या जागेवर *कुठलाही* ३-कॉस्ट येण्याची शक्यता आहे, तुझ्या चॅम्पियनची नव्हे. गेम आधी कॉस्ट ठरवतो, मग त्या कॉस्टच्या पूलमध्ये (प्रतींच्या साठ्यात) ज्याच्या जितक्या प्रती शिल्लक, त्या प्रमाणात चॅम्पियन काढतो. पूल आठही खेळाडूंचा एकच. म्हणून:

एका जागेची शक्यता = कॉस्टची टक्केवारी × हव्या चॅम्पियनच्या शिल्लक प्रती ÷ त्या कॉस्टच्या एकूण शिल्लक प्रती

समजा १३ ३-कॉस्ट आहेत, प्रत्येकाच्या १८ प्रती, म्हणजे २३४. तुझ्या चॅम्पियनच्या २ आणि बाकी ३-कॉस्टच्या मिळून १८ प्रती लोकांकडे गेल्यात. उरल्या २१४ पैकी १६. ०.१५ × १६ ÷ २१४ म्हणजे जेमतेम १.१ टक्के.

आता ५ जागा. इथे गुणायचं नाही, "एकदाही न येण्याची" शक्यता काढून १ मधून वजा करायची: १ − (१ − प)^५, इथे प म्हणजे वरची एका जागेची शक्यता. उत्तर साधारण साडेपाच टक्के. ७५ कुठे नि साडेपाच कुठे! रोलची (गोल्ड देऊन शॉप नव्याने काढण्याची) संख्या 'न' असेल तर घात ५×न. २० गोल्डचे १० रोल केले तर ४३ टक्के.

प्रती मोजताना प्रती जोडून बनलेला २-स्टार म्हणजे ३ आणि ३-स्टार म्हणजे ९ धरायच्या, बेंचवरचे (बोर्डबाहेर राखून ठेवलेले) चॅम्पियनही धरायचे. कोणी बाद झाला किंवा कोणी विकलं की त्या प्रती पूलमध्ये परत येतात. आणि तू स्वतः एखादा ३-स्टार केलास की तो तुझ्या शॉपमध्ये येणं बंद होतं, तेव्हा त्याच्या उरलेल्या प्रती खालच्या आकड्यातून वगळ. इथे गडबड होऊ शकते.

चिवला_मालवण
रे ७५ टक्के असते तर रोल कित्याक करूचो? एक सांगतंय, सगळे लेव्हल एका शीटवर पसरू नको, फोनवर दिसाचा नाय. वर तीन खाने, खाली एक उत्तर, बस.

हर्णे_बंदर
१० ला ९ चं उत्तर येतंय कारण व्हीलुकअपचा (तक्त्यातून मूल्य शोधणाऱ्या सूत्राचा) चौथा भाग रिकामा सोडलायस. तो रिकामा असला की शीट "जवळचं खालचं" मूल्य धरते. तिथे फॉल्स टाक, म्हणजे तक्त्यात नसलेल्या लेव्हलला सरळ एरर येईल. चुकीच्या आकड्यापेक्षा एरर बरा. टक्केवारी साइटवरून चिकटवली असेल तर मागे स्पेस राहून ती मजकूर बनलेली असू शकते. सेलमध्ये डावीकडे सरकलेला आकडा दिसला की समज. पॅचचा (गेमच्या अपडेटचा) नंबर वरच्या सेलमध्ये लिहून ठेव, कारण ऑड्स आणि पूल दोन्ही बदलत राहतात.

पण माझ्या मते फक्त ऑड्स दाखवणारं टूल फारसं कामाचं नाही. चालू लेव्हलचे ऑड्स गेमच दाखवतो. खरा प्रश्न असतो: आता रोल करू की लेव्हल घेऊ? त्यासाठी "लेव्हलला किती एक्सपी (लेव्हल वाढवणारे गुण) कमी" हा खाना हवा. ४ गोल्डला ४ एक्सपी, रोल २ गोल्ड. वरचंच उदाहरण, हातात खर्चायला २० गोल्ड:

लेव्हल ४ वरच १० रोल: ४३ टक्के
४ एक्सपी घेऊन लेव्हल ५, उरलेले ८ रोल: ४५ टक्के
८ एक्सपी घेऊन लेव्हल ५, उरलेले ६ रोल: ३६ टक्के

म्हणजे ४ एक्सपी कमी असतील तर आधी लेव्हल, ८ असतील तर निव्वळ या राउंडपुरतं रोल बरं. अर्थात लेव्हल पुढेही राहते आणि बोर्डवर एक जागा वाढते, ते टूल मोजत नाही. तसंच ५० च्या खाली गेल्यावर दर १० गोल्डला १ व्याज जातं, तेही डोक्यात ठेव.

वाघोटण_खाडी
फॉल्स टाकलं, १० ला एरर आला. पण सात जणांचे बोर्ड मोजायचे कधी? तेवढ्यात राउंड सुरू होतो.

मिरकरवाडा_मिड
सगळं मोजू नको. हव्या चॅम्पियनच्या प्रती तेवढ्या नीट मोज, कारण वरचा आकडा लहान असतो आणि एकेका प्रतीने बदलतो. १६ च्या ८ झाल्या तर शक्यता जवळजवळ निम्मी. खालच्या २१४ मध्ये पाच-दहा इकडेतिकडे झाले तर एका शॉपच्या उत्तरात टक्क्याच्या दशांशातच फरक पडतो, तिथे अंदाज चालतो. बेंच बघायला विसरू नकोस, लोक जोड्या तिथेच दाबून ठेवतात.