केसपेपरवरचे प्रश्नचिन्ह मराठीत कसे लिहावे?

खाडीकाठ: सिंधुदुर्गातल्या एका दवाखान्याचे माहितीपत्रक मी मराठीत करीत आहे. निदान पक्के नसले की डॉक्टर केसपेपरवर त्याच्या आधी प्रश्नचिन्ह घालतात, म्हणजे ‘? डिप्रेशन’. मी ‘संशयित नैराश्य’ लिहिले, तेव्हा एका रुग्णाच्या भावाने “संशय कोणी घेतला?” असे विचारले. ‘संभाव्य’ म्हणावे, तर आजार अजून यायचा आहे असे वाटते. योग्य शब्द कोणता?

सुरंगी: ‘संशयित’ हा पोलीस ठाण्यातला शब्द आहे. कोविडकाळात तो रुग्णांना चिकटला, एवढ्याने तो निर्दोष होत नाही. शंका डॉक्टरांची आणि विशेषण मात्र रुग्णाच्या माथी, हा कुठला न्याय?

विरामचिन्ह: त्याआधी ‘नैराश्य’च बदला. आशा नसणे हे केवळ एक लक्षण आहे. ‘अव’ अधिक ‘सद्’, म्हणजे खाली बसणे, खचणे, यातून आलेला ‘अवसाद’ अधिक नेमका आहे. ‘विषाद’ही त्याच धातूचा.

सुरंगी: ‘अवसाद’ आपल्याकडे हिंदी वर्तमानपत्रांतून आला. शुद्धीचा आग्रह धरणाऱ्यांनी निदान उसनवारी तरी तपासावी.

तांडेल: आमच्या बंदरात ‘डिप्रेशन’ म्हटले की लोक समुद्रातला कमी दाबाचा पट्टा समजतात आणि आधी धोक्याचा बावटा कितव्या नंबरचा लागला ते विचारतात!

रापण: मी देवगड तालुक्यात प्रॅक्टिस करतो. येथे ‘मी उदास आहे’ असे सांगत कोणी येत नाही. “अंगात त्राण नाय, झोप लागणा नाय” एवढेच कानावर पडते. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन मी तपासतो, ते दुसरे कारण सुटू नये म्हणून. नैराश्य दाखवणारी रक्ताची चाचणी नाही. ‘पीएचक्यू-९’ या प्रश्नावलीत २७ पैकी १० किंवा अधिक गुण आले, तरी ते निदान नव्हे, पुढे नीट विचारपूस करण्याची ती सूचना आहे. नवरा जाऊन महिना झालेली बाई समोर बसते, तेव्हा हा शोक की आजार, हे किमान दोन आठवड्यांच्या लक्षणांची यादी हाती असूनही सहज सुटत नाही. अमेरिकन मनोविकार संघटनेने आपल्या निदान-पुस्तिकेच्या (डीएसएम) २०१३ च्या आवृत्तीत, नुकत्याच झालेल्या मृत्यूच्या शोकाला हे निदान लावू नये हा स्वतंत्र अपवाद काढून टाकल्यावर हा निर्णय डॉक्टरच्या तारतम्यावर अधिकच अवलंबून राहिला. ते प्रश्नचिन्ह म्हणजे हे सगळे. मी ‘विचाराधीन निदान’ म्हणेन.

विरामचिन्ह: ‘विचाराधीन’ तर मंत्रालयातल्या फायली असतात.

खाडीकाठ: मग सरळ ‘निदान अजून ठरलेले नाही’ असे लिहू का?

रापण: लिहू नका. डॉक्टरला कळलेच नाही, असा अर्थ घेऊन माणूस घाड्याकडे, म्हणजे देवऋष्याकडे, जातो किंवा देवळात कौल लावतो. तेथे उजवा की डावा, असे उत्तर लगेच मिळते आणि पुढच्या भेटीला तो आमच्याकडे येत नाही.

सुरंगी: ‘पडताळणी चालू’ कसे वाटते?

विरामचिन्ह: रेशनकार्डासारखे. ‘अवसाद’बद्दल मात्र अजून कोणीही सप्रमाण खंडन केलेले नाही.