'खातं काढ' म्हणजे उघडू की उडवू?

निळी शाई
एका क्रियापदापायी गेल्या महिन्यात माझ्या हातून घोळ झाला, म्हणून जाणकारांना विचारतेय.

मी ऑफिसचे लिनक्स सर्व्हर सांभाळते. एक शिकाऊ मुलगा काम संपवून गेला होता, महिन्याभराने कायम होऊन परत येणार होता. साहेबांचा मेसेज आला, 'त्याचं खातं काढ.' मी जुन्या सर्व्हरवर गेले, 'युजरडेल' (खातं घालवायची कमांड), पुढे '-आर' (म्हणजे त्याच्या फायलींच्या घरासकट), पुढे त्याचं नाव, एंटर. एका सेकंदात सगळं साफ. साहेबांना म्हणायचं होतं, नव्या सर्व्हरवर खातं उघड. बॅकअप होता, पण त्याच्या शेवटच्या महिन्याआधीचा. वर ऐकून घ्यावं लागलं, 'बँकेत खातं काढतेस तेव्हा काय बंद करतेस?' त्यांचं बरोबर आहे हे कळल्यावर जास्तच राग आला.

तर 'काढणे' हे दोन्हीकडून कसं बोलतं? आणि खातं घालवण्याच्या कमांडला मराठीत स्वच्छ काय म्हणावं?

मोडीवाला
'काढणे' आलंय प्राकृतातल्या 'कड्ढइ'वरून. मूळ अर्थ ओढणे. आतलं बाहेर ओढलं की दोनपैकी एक होतं: ते जगापुढे येतं, नाहीतर होतं तिथून जातं. शाळा काढली, दुकान काढलं, मोर्चा काढला, रांगोळी काढली, कर्ज काढलं, हे सगळं आधी नव्हतं ते आलं. काटा काढला, दाढ काढली, नोकरीवरून काढलं, हे होतं ते गेलं. 'नाव काढणे' तर तीन तोंडांनी बोलतं. पोराने बापाचं नाव काढलं, माझ्यापुढे त्याचं नाव काढू नकोस, आणि यादीतून नाव काढलं.

अर्थ ठरतो तो बहुतेक वेळा शेजारच्या शब्दाच्या शेपटावर. 'सर्व्हरवर खातं काढ' म्हणजे उघड. 'सर्व्हरवरून खातं काढ' म्हणजे घालव. एवढ्याशा 'ऊन'साठी त्या मुलाचं घर गेलं. तुमच्या साहेबांनी जागाच सांगितली नाही, आणि जागा नसली की 'खातं' हा शब्द सवयीने उघडण्याकडे झुकतो. 'काढून टाक' असं असतं तर शंकाच नव्हती. गंमत म्हणजे 'काढून ठेव' आणि 'काढून दे' म्हटलं की खातं परत उघडतं.

निळी शाई
म्हणजे चूक माझी?

मोडीवाला
अर्धी. मेसेज लिहिणाऱ्याने जागा लिहायला हवी होती. पण '-आर' तुम्ही स्वतःच्या मनाने लावलात ना?

पासबुक
तीस वर्षं काउंटरवर बसलो. छापील अर्जावर 'खाते उघडणे', खिडकीशी आलेला माणूस 'खातं काढायचंय' म्हणणार. दोघांची कधी गल्लत झाली नाही, कारण बंद करायला येणारा 'खातं बंद करायचंय' असंच म्हणतो. मग तुम्हीही 'बंद करणे' का वापरत नाही?

निळी शाई
काका, बँकेत खातं बंद झालं तरी जुना हिशोब राहतो. इथे तसं नाही. नुसतं 'युजरडेल' चालवलं तर 'पासवर्ड', 'शॅडो' आणि 'ग्रुप' या फायलींमधून त्या माणसाच्या नोंदी जातात, त्याचा होम फोल्डर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या फायलींचं घर, मात्र जागच्या जागी राहतो. '-आर' जोडलं की होम आणि टपालपेटीही जाते. त्याच्या इतर ठिकाणच्या फायली तरीही उरतातच, त्या आपण शोधायच्या. 'बंद' यातलं कुठलं?

फेरफार
मग नुसत्या 'युजरडेल'ला 'नाव कमी करणे' म्हणा की! रेशन कार्डावरून नाव कमी करतात, शाळेच्या पटावरून करतात, सातबाऱ्यावरून करतात. यादीतली ओळ जाते, माणसाचं घर-सामान कोणी उचलून नेत नाही. आणि '-आर'वालं म्हणजे 'घरदारासकट'. 'त्याचं नाव कमी कर, घरदार राहू दे' असा मेसेज आला असता तर कुणी चुकलं नसतं.

उरलेल्या फायलींना तर शब्द तयारच आहे: बेवारस. मालकाचं नाव गेलं की फायलींची यादी देणारी 'एलएस -एल' ही कमांड मालकाच्या नावाच्या जागी नुसता आकडा दाखवते, १००३ वगैरे. फायली शोधणाऱ्या 'फाइंड'ला '-नोयुजर' सांगितलं की असल्या सगळ्या सापडतात. धोका पुढे आहे. नवं खातं उघडताना यंत्र सहसा असलेल्या सर्वांत मोठ्या आकड्याच्या पुढचा आकडा देतं. नाव कमी झालेला माणूसच शेवटचा असेल, तर त्याचा आकडा नव्या माणसाला मिळतो आणि त्या बेवारस फायलींचा तो फुकटचा वारस होतो. वारसनोंद नाही, नोटीस नाही.

बोरूबहाद्दर
मोबाइलच्या मराठी पडद्यावर सगळीकडे 'हटवा' असतं ते का चालत नाही?

मोडीवाला
चालतं, पण मला अतिक्रमणविरोधी पथक डोळ्यांपुढे येतं. मराठीत हटवलेली वस्तू बाजूला झालेली असते, नष्ट नव्हे. हातगाडी हटवली तर ती पुढच्या गल्लीत दिसते. 'पुसणे' घ्यावं तर त्याला फळ्याची सवय. 'उडवणे' बोलायला झकास, पण रजिस्टरमध्ये लिहिता येत नाही.

फेरफार
न घालवता नुसतं अडवायचं असेल तर? 'युजरमॉड -एल' (कॅपिटल एल) ही कमांड देतात ना?

निळी शाई
हो, आणि त्याला सगळे 'कुलूप लावणे' म्हणतात, ते मला खटकतं. ती कमांड शॅडो फायलीत पासवर्डच्या सांकेतिक रूपापुढे एक उद्गारचिन्ह ठोकते, बस. पासवर्ड चालत नाही, पण माणसाकडे एसएसएचची (दुरून सर्व्हरवर शिरायच्या सोयीची) किल्ली, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी फाईल, असेल तर तो बिनदिक्कत आत येतो. कुलूप फक्त एका दाराला. दोन्ही दारं लावायची तर खात्याची मुदतच संपवावी लागते. 'एक्स्पायरडेट'ला १ दिलं की यंत्राच्या लेखी मुदत २ जानेवारी १९७० ला संपलेली असते, कारण त्याचे दिवस १ जानेवारी १९७० पासून मोजले जातात.

फेरफार
उद्गारचिन्हावरून आठवलं. सातबाऱ्यावर हक्क संपलेलं नाव खोडून टाकत नाहीत, त्याला कंस करतात. ओळ वाचता येते, पण धरायची नाही. तुमचं '-एल' म्हणजे खात्याला कंस! फरक इतकाच, की तुमचा कंस काढता येतो. (आता हे 'काढता' कुठलं ते विचारू नका.)

पासबुक
कोर्टाचा किंवा पोलिसांचा आदेश आला की आम्ही खातं 'गोठवायचो'. मुदत संपवण्याच्या प्रकाराला तो शब्द बसेल. आणि नोकरीच्या भाषेत बोलायचं तर हे निलंबन झालं, 'युजरडेल' म्हणजे बडतर्फी. निलंबित माणूस परत रुजू होऊ शकतो.

बोरूबहाद्दर
एक अवांतर. 'युजरडेल' हा शब्द मराठी वळणाचा आहे हे कुणाच्या लक्षात आलं का? आधी कर्म, मग क्रियापद: 'खातं काढ'. डेबियन या लिनक्सच्या प्रकारातली 'डेलयुजर' मात्र इंग्रजी वळणाची. विंडोजचं 'नेट युजर', मग नाव, मग शेवटी 'डिलीट' म्हणजे तर शाळेतलं वाक्य. आणि तिथेही खातं जातं पण माणसाचा फोल्डर सी ड्राइव्हवर तसाच पडून असतो. म्हणजे तेही नाव कमी करणंच.

मोडीवाला
'युजरडेल'चा आणखी एक मराठी स्वभाव आवडतो मला. माणूस आत बसलेला असला, म्हणजे त्याची एखादी प्रोसेस चालू असली, की ती काम करायला नकार देते. पाहुणा पाटावर असताना ताट उचलत नाही. जबरदस्तीला '-एफ' आहे, पण ती वापरू नये.

निळी शाई
ठरलं तर. आमच्या टिपणवहीत आजपासून उघडणे, गोठवणे, नाव कमी करणे, आणि घरदारासकट नाव कमी करणे. 'काढणे' बाद.

आत्ताच साहेबांचा मेसेज आलाय: 'सोमवारी नवीन मुलगी येतेय, जुन्या मुलीचं खातं काढून तिला दे.' मी फोन लावतेय.