खेलरत्न मागून घ्यायचं का?

मंगळवार, 24 डिसेंबर 2024
प्रेषक : कराडकर
प्रति : मंडळाचे सर्व सभासद

नमस्कार मंडळी,

संक्रांतीच्या हॉलची चर्चा चालू असताना मध्येच हा विषय काढतोय, पण राहवत नाही. खेलरत्नासाठी, म्हणजे देशातल्या सर्वोच्च खेळपुरस्कारासाठी, समितीने हॉकीचा कर्णधार हरमनप्रीत सिंग आणि पॅरा (दिव्यांगांच्या) उंच उडीतला प्रवीण कुमार यांची नावं सुचवल्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या असतील. दोघांबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. हरमनप्रीतने पॅरिस ऑलिंपिकमध्ये दहा गोल केले आणि हॉकीचं कांस्य पुन्हा घरी आणलं. प्रवीणने टोकियोत रौप्य घेतलं होतं, पॅरिसमध्ये 2.08 मीटरची उडी मारून सुवर्ण घेतलं. दोघांनाही द्यायलाच हवं.

पण नेमबाज मनू भाकरचं नाव यादीत नाही. एकाच ऑलिंपिकमध्ये दोन पदकं, स्वतंत्र भारतात हे तिच्याआधी कुणालाही जमलेलं नाही. कारण काय, तर म्हणे अर्जच आला नव्हता. घरचे म्हणतात अर्ज केला होता. खरं कोणाचं, त्यात मला पडायचं नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की अर्ज हवाच कशाला? ती दोन पदकं कुणी लपवून ठेवली होती का? ज्या सरकारने तिला पॅरिसला पाठवलं, आल्यावर सत्कार केला, त्याच सरकारला तिने पुन्हा फॉर्म भरून कळवायचं की मी जिंकले?

मी कराडचा, त्यामुळे हे जरा जास्तच लागतं. पहिलवान खाशाबा जाधव जवळच्या गोळेश्वरचे. 1952 ला हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्य घेऊन परतले, तेव्हा मिरवणुकीला शंभरावर बैलगाड्या होत्या. त्यातली एक माझ्या आजोबांची. कराड स्टेशनपासून महादेवाच्या देवळापर्यंत पंधरा मिनिटांची वाट, त्या दिवशी सात तास लागले. आजोबा सांगायचे, बैलांच्या शिंगांना लावलेला गुलाल चार दिवस निघाला नाही. गावाने असा मान दिला. सरकारचा अर्जुन पुरस्कार मिळाला तो 2000 सालचा, मरणोत्तर. 1984 ला ते अपघातात गेले होते. पद्म पुरस्कार आजतागायत नाही.

ज्याच्या मागे फाईल घेऊन धावणारं कुणी नाही, तो मागेच राहतो. खाशाबांच्या वेळी हेच झालं, आणि बहात्तर वर्षांनीही आपण "अर्ज आला का" हेच विचारतोय.

आपला,
कराडकर


बुधवार, 25 डिसेंबर 2024
प्रेषक : नागपूरकर

काका, नमस्कार.

खाशाबांबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून पोटात तुटलं. पण अर्जाबद्दल मी तुमच्याशी सहमत नाही, आणि त्याला कारण आहे.

आपल्यापैकी काहींना माहीत असेल, मी कॉलेजात असताना रायफल शूटिंग करायचे. राज्य पातळीच्या पुढे गेले नाही, पण सहा-सात वर्षं रेंजवर काढली. त्या काळी कुठल्याही पुरस्काराचा कागद खेळाच्या संघटनेमार्फतच जायचा. माझ्याबरोबर एक मुलगी होती, आमच्यात सगळ्यांत चांगली. तिने एकदा निवड चाचणीच्या वेळापत्रकाबद्दल तक्रार केली. त्यानंतर तिचा शिफारशीचा कागद संघटनेच्या कपाटातून बाहेरच आला नाही. आम्ही दोघी तीन वेळा जाऊन आलो. दर वेळी "सही व्हायची आहे." शिक्का टेबलावरच पडलेला असायचा, निळ्या शाईच्या पॅडवर उलटा ठेवलेला. मुदत संपली त्या दिवशी ती पायऱ्यांवर बसून होती आणि मला तिच्याशी काय बोलावं ते सुचत नव्हतं.

2020 ला कोविडमुळे संघटनांच्या शिफारशी मिळवणं अवघड झालं, म्हणून खेळाडूंना स्वतः अर्ज करायची मुभा दिली गेली. पुढे ती पद्धतच झाली. काका, माझ्या मते गेल्या कित्येक वर्षांत खेळाडूंसाठी झालेली ही सगळ्यांत मोठी गोष्ट आहे. कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. मनूला सगळं जग ओळखतं. पण रोइंग, खो-खो, कर्णबधिरांच्या स्पर्धा, यांत जिंकणाऱ्यांची नावं समितीतल्या प्रत्येकाला पाठ असतात असं तुम्हाला वाटतं का? उस्मानाबादची सारिका काळे खो-खोत भारताची कर्णधार होती, 2020 चा अर्जुन तिला मिळाला. असे कागद समितीपुढे आलेच नाहीत तर तिथे फक्त टीव्हीवर दिसणारे चेहरे उरतील.

तेव्हा अर्ज राहू द्या. संघटनेची सही गेली हे चांगलंच झालं.

— नागपूरकर


बुधवार, 25 डिसेंबर 2024, रात्री
प्रेषक : पुणेकर (धाकटा)

काका, ताई,

दोघांचंही पटतंय. पण मला वाटतं खरा घोळ गुणांचा आहे. 2018 आठवतं का? पदकांना गुण देण्याची पद्धत होती आणि कुस्तीतल्या बजरंग पुनिया, विनेश फोगाट यांचे गुण भरपूर होते. त्या वर्षी खेलरत्न मिळालं विराट कोहली आणि मीराबाई चानू यांना. क्रिकेट ऑलिंपिकमध्ये नसल्याने त्या गुणतक्त्यात त्याला जागाच नव्हती. बजरंग कोर्टात जायची भाषा करू लागला होता, शेवटी त्याला पुढच्या वर्षी मिळालं. मला विराट मनापासून आवडतो, पण त्या दिवशी मला बजरंगच्या जागी स्वतःला ठेवून बघावंसं वाटलं. आखाड्यात मिळवलेले गुण कागदावर आहेत, तरी नाव नाही, मग ते गुण मोजले कशाला?

2014 ला बॉक्सर मनोज कुमार कोर्टात गेला आणि त्याला अर्जुन द्यावा लागला. पुरस्कारासाठी वकील करावा लागणं यापेक्षा वाईट काय असणार!

दुसरं म्हणजे संख्या. 1991-92 ला खेलरत्न सुरू झालं तेव्हा विश्वनाथन आनंदला एकट्याला मिळालं. 2021 मध्ये एकदम बारा जणांना. नीरज चोप्रापासून सुनील छेत्रीपर्यंत सगळे थोर, पण देशातला सर्वोच्च खेळपुरस्कार एका वर्षात बारा जणांना मिळाला तर त्याचं वजन राहतं का? आणि बुद्धिबळातल्या गुकेशचं काय? बारा डिसेंबरला सिंगापूरला चौदावा डाव जिंकून अठराव्या वर्षी जगज्जेता झाला. त्यालाही याच वर्षी द्यायचं की थांबवायचं? मी म्हणतो वर्षाला जास्तीत जास्त दोन. बाकीचे पुढच्या वर्षी.

— पुणेकर


गुरुवार, 26 डिसेंबर 2024
प्रेषक : मंडळाचे सचिव

मंडळी, चर्चा छान चालली आहे, चालू द्या. फक्त संक्रांतीच्या नावनोंदणीचं उत्तर याच धाग्यात देऊ नका, सात जणांची नावं हुडकायला मला अर्धा तास लागला.


गुरुवार, 26 डिसेंबर 2024
प्रेषक : कराडकर

नागपूरकर ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तो उलटा ठेवलेला शिक्का डोळ्यांपुढून जात नाही. ही बाजू माझ्या लक्षातच आली नव्हती, हे मोकळेपणाने मान्य करतो. अर्ज म्हणजे मला हात पसरणं वाटत होतं, तुमच्या मैत्रिणीसाठी तो हक्काचा कागद ठरला असता.

मग असं का नाही करायचं? ज्याला अर्ज करायचा त्याने थेट करावा, संघटनेचा हात मध्ये नको. पण ऑलिंपिक, पॅरालिंपिक, एशियाड, जागतिक स्पर्धा यांतल्या पदकविजेत्यांची नावं अर्ज असो वा नसो, समितीपुढे आपोआप ठेवली जावीत. यादी सरकारकडेच असते. बातम्यांत असंही आलंय की अर्ज न केलेल्यांचा विचार करायची मुभा समितीला आहेच. मुभा आहे तर ती नियम व्हावी, एवढंच मागणं.

मनूने परवा जे लिहिलं ते वाचलंत ना? अर्ज भरताना कदाचित माझ्याकडूनच चूक झाली असेल, ती दुरुस्त होतेय, असं तिने म्हटलंय. बावीस वर्षांची मुलगी सगळा दोष स्वतःवर घेऊन वाद मिटवायला बघतेय. मला तिचा अभिमान वाटला आणि वाईटही वाटलं.

धाकट्या पुणेकरा, दोनच द्या हे मला पटत नाही. नियम चार वर्षांची कामगिरी बघतो, त्यात ऑलिंपिकचं वर्ष आलं की नावं वाढणारच. टोकियोत सात पदकं आली, त्याच्याच जोडीला पॅरालिंपिकमध्ये एकोणीस. पीक चांगलं आलं म्हणून कणगी लहान करायची नसते. 2022 ला टेबल टेनिसच्या एकट्या शरथ कमलला दिलंच ना. जसं वर्ष, तशी यादी.

— कराडकर


गुरुवार, 2 जानेवारी 2025
प्रेषक : पुणेकर (धाकटा)

यादी आली!! खेलरत्न : गुकेश, हरमनप्रीत, प्रवीण कुमार आणि मनू भाकर. चौघेही!

अर्जुन 32 जणांना. त्यात आपला स्वप्नील कुसाळे, सचिन खिलारी. प्रशिक्षकांच्या द्रोणाचार्य पुरस्कारात दीपाली देशपांडे. काका, माझा दोनाचा नियम मी मागे घेतो. या चौघांतून कोणते दोघं काढू, सांगा.

एकच शंका, वाईट अर्थाने विचारत नाही. 32 पैकी 17 पॅरा खेळाडू आहेत. घरी वडिलांशी फोनवर बोलताना ते म्हणाले हे जरा जास्त झालं. मला उत्तर देता आलं नाही.

— पुणेकर


गुरुवार, 2 जानेवारी 2025, रात्री
प्रेषक : नागपूरकर

बाळा, वडिलांना एवढंच सांग : पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपली पदकं सहा, पॅरालिंपिकमध्ये एकोणतीस. त्यांत सात सुवर्णं. हा हिशेब धरला तर सतरा जास्त नाहीत, कमीच म्हणता येतील.

सचिन खिलारीचंच बघ. आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा. शाळेत असताना सायकलवरून पडला आणि डावा हात गमावल्यासारखा झाला. पॅरिसला 16.32 मीटर गोळा टाकला. सुवर्ण गेलं 16.38 ला. सहा सेंटिमीटर. हाताची चार बोटं शेजारी शेजारी धर, साधारण तेवढंच अंतर. गोळा टाकताना दुसरा हात तोल सांभाळतो, शेवटच्या क्षणी शरीराला जवळ ओढून घेतो, तेव्हा फेकीला जोर येतो. तो हात साथ देत नसताना सोळा मीटर! याला "पॅराचा कोटा" म्हणणाऱ्याने एकदा गोळा हातात घेऊन बघावा.

आणि स्वप्नीलबद्दल आज मला बोलू द्या, कारण त्याचा प्रकार मी स्वतः केलाय. रायफलच्या थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे तीन पवित्र्यांतून नेम धरायच्या प्रकारात, गुडघा टेकून बसतात तेव्हा उजव्या घोट्याखाली एक छोटी गुंडाळी असते, सगळं वजन त्यावर. जाड कॅनव्हासचं जॅकेट, वर पट्टे आवळलेले, श्वास घेतला तर रायफलची नळी हलते. दहाव्या गोळीपर्यंत पाय आपला राहत नाही. मग आडवं झोपून, मग उभं राहून. उभं राहायचं ते सगळ्यांत शेवटी, आणि अंतिम फेरीत तिथूनच एकेक जण बाहेर पडायला लागतो. स्वप्नील सुरुवातीला मागे होता, तिथून वर आला, 451.4 गुणांवर कांस्य. या प्रकारात भारताचं पहिलं ऑलिंपिक पदक. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, रेल्वेत तिकीट तपासनीस होता.

दीपाली देशपांडे त्याच्या प्रशिक्षक, स्वतः 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकला खेळलेल्या. गुरू आणि शिष्य एकाच वर्षीच्या यादीत. माझ्या त्या मैत्रिणीला मी आत्ताच फोन केला. ती आता मुलींना शिकवते. दीपालीताईंचं नाव ऐकून बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, उद्या रेंजवर पेढे नेते.

— नागपूरकर


शुक्रवार, 3 जानेवारी 2025
प्रेषक : कराडकर

मंडळी,

सगळ्यांनी खेलरत्न आणि अर्जुनवर लिहिलं, पण यादीच्या तळाशी एक नाव आहे तिथे मी काल रात्री अडकलो. अर्जुन, जीवनगौरव : मुरलीकांत राजाराम पेटकर.

पेटकर सांगली जिल्ह्यातले, सैन्यात होते, मुष्टियोद्धे. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. नंतर पोहायला लागले. 1972 ला जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल, 37.33 सेकंद, जागतिक विक्रम आणि सुवर्ण. भारताचं पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्ण. वैयक्तिक सुवर्ण म्हणाल तर ऑलिंपिक धरूनही हेच पहिलं, अभिनव बिंद्राच्या छत्तीस वर्षं आधी.

1980 च्या दशकात त्यांनी अर्जुनसाठी अर्ज केला होता. नाकारला गेला. ताई, म्हणून म्हणतो, अर्ज करूनही माणूस राहतो आणि न करूनही राहतो. पद्मश्री 2018 ला मिळाली. अर्जुन आता, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्या शर्यतीनंतर बावन्न वर्षांनी. आयुष्यभर ज्या पुरस्काराची वाट पाहिली तो मिळाला, याचा मला मनापासून आनंद आहे. राग येतो तो त्या बावन्न वर्षांचा.

सोहळा 17 तारखेला राष्ट्रपती भवनात आहे. इथे परदेशात तेव्हा भल्या पहाटेची वेळ असेल. माझ्याकडे मोठा टीव्ही आहे, दार उघडं ठेवतो, ज्यांना जमेल त्यांनी या. धाकट्या पुणेकराने वडिलांनाही फोनवर जोडून घ्यावं. आणि क्रीडा मंत्रालयाला पदकविजेत्यांची नावं आपोआप विचारात घ्यावीत, असं पत्र मंडळाच्या वतीने पाठवायचं असेल तर मसुदा मी करतो, ताईंनी त्यात संघटनेच्या सहीचा मुद्दा घालावा. सचिवांनी पुढच्या बैठकीच्या विषयांत हे घ्यावं ही विनंती.

संक्रांतीला आमच्या घरची पाच नावं. वेगळ्या मेलने पाठवतोय.

आपला,
कराडकर